न ओसरणारा ताण आणि मेंदूची संरक्षणव्यवस्था

अध्यक्ष महोदय, आणि सोलापूरच्या उन्हाची पर्वा न करता आलेल्या श्रोतेहो,

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आता आपल्या शहरातही औषधाच्या दुकानातून बाहेर पडून रसाच्या बाटलीवर, चहाच्या पुड्यावर आणि बिस्किटाच्या वेष्टनावर येऊन बसला आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात एक सोपे चित्र तयार होते. शरीरात काही घातक द्रव्ये निर्माण होतात, त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये बाहेरून घ्यायची, की हिशेब मिटला. मेंदूच्या बाबतीत हे चित्र बरेचसे चुकीचे आहे आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या मानसिक ताणाच्या बाबतीत तर ते दिशाभूल करणारे आहे. मेंदूचे संरक्षण बाहेरून आणलेल्या साठ्यापेक्षा आतल्या आत अखंड चालणाऱ्या उत्पादनावर अवलंबून असते, आणि न ओसरणारा ताण नेमका त्या उत्पादनाच्या व्यवस्थेत हात घालतो. हे कसे घडते ते आज मी मांडणार आहे. थोडे रसायनशास्त्र येईल, त्याला इलाज नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असते. पण स्वस्थ बसलेला माणूस जेवढा ऑक्सिजन वापरतो, त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. पेशींमधल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, अन्नापासून ऊर्जा तयार होत असताना इलेक्ट्रॉनांची एक साखळी चालू असते आणि त्या साखळीच्या शेवटी ऑक्सिजनचे पाणी होते. या वाटेवर थोडे इलेक्ट्रॉन अधेमधेच निसटतात आणि ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड नावाचा अत्यंत क्रियाशील रेणू तयार होतो. निसटणाऱ्यांचे प्रमाण अगदी अल्प असते. पण मेंदूचे काम झोपेतही थांबत नाही, म्हणून हे गळणेही थांबत नाही. त्यात मेंदूची घडण अशी की, त्याच्या कोरड्या वजनाचा मोठा भाग स्निग्ध पदार्थांचा आहे आणि त्यातले अनेक मेदाम्ल असंपृक्त, म्हणजे ऑक्सिडीकरणाला सहज बळी पडणारे आहेत. एका रेणूला लागलेली झळ शेजारच्या रेणूकडे सरकत जाते. शिवाय मेंदूच्या काही भागांत लोहाचे प्रमाण बरेच असते, आणि मोकळे लोह सुपरऑक्साइडपासून बनणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटले की त्यातून हायड्रॉक्सिल हा सर्वांत विध्वंसक रेणू जन्मतो. यकृताकडे कॅटलेज हे पेरॉक्साइड फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, विपुल असते. मेंदूकडे ते त्या मानाने फारच थोडे आहे. यकृताच्या पेशी मेल्या तर नव्या येतात, चेतापेशींच्या बाबतीत ती सोय जवळजवळ नाही.

मग एवढ्या जोखमीच्या अवयवाचे सत्तर-ऐंशी वर्षे निभावते कसे? पहिली फळी विकरांची आहे. ड्यूक विद्यापीठातील जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराचे काम उलगडून दाखवले. हे विकर सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. त्याचा एक प्रकार तंतुकणिकांत बसतो आणि त्याला मँगनीज लागते. दुसरा पेशीद्रवात असतो, त्याला तांबे आणि जस्त लागते. पुढे त्या पेरॉक्साइडचे पाणी करण्याचे काम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन आणि थोड्या प्रमाणात कॅटलेज करतात. पेशीच्या पडद्यात ई जीवनसत्त्व मेदाम्लांची पेटती साखळी तोडते आणि वापरलेल्या ई जीवनसत्त्वाला क जीवनसत्त्व पुन्हा कामाला लावते. क जीवनसत्त्व मेंदूत रक्ताच्या कितीतरी पट साठवलेले असते आणि आहारात त्याची टंचाई झाली तरी मेंदू आपला वाटा सर्वांत शेवटी सोडतो.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे ग्लुटाथायोन. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू आहे. गंमत अशी की, चेतापेशी तो पुरेसा स्वबळावर करू शकत नाही. तिच्या शेजारी तारकापेशी असतात, ज्यांना दीर्घकाळ नुसता भराव समजले जात होते. त्या ग्लुटाथायोन तयार करून बाहेर सोडतात, बाहेर त्याचे तुकडे होतात, आणि सिस्टीन असलेला तुकडा आत घेऊन चेतापेशी आपले ग्लुटाथायोन रचते. म्हणजे ज्या पेशीने विचार करायचा, तिचे रक्षण शेजारणीच्या स्वयंपाकघरातून होते. एकदा वापरलेले ग्लुटाथायोन टाकून दिले जात नाही. ते पुन्हा मूळ रूपात आणले जाते. त्यासाठी एन-ए-डी-पी-एच हा रेणू लागतो आणि तो ग्लुकोजपासून मिळतो. २००९ साली स्पेनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, चेतापेशी ग्लुकोज सरळ जाळून ऊर्जा काढण्याचा मार्ग मुद्दाम आखूड ठेवते आणि ते ग्लुकोज या पुनर्निर्मितीच्या मार्गाकडे वळवते. भुकेल्या पेशीने ऊर्जेपेक्षा संरक्षणाला अग्रक्रम द्यावा, हे मला तरी या सगळ्या विषयातले सर्वांत बोलके निरीक्षण वाटते. ते लक्षात ठेवावे. थोड्याच वेळात त्याचा उपयोग होईल.

आता ताणाकडे वळू. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले आणि निरनिराळ्या त्रासांना शरीर एकाच पद्धतीने उत्तर देते, ही कल्पना मांडली. आज त्या उत्तराचा मार्ग चांगला माहीत आहे. मेंदूतील अधश्चेतक भागातून निघालेला संदेश पीयूषिका ग्रंथीकडे जातो, तिथून रक्तातून अधिवृक्क ग्रंथीकडे, आणि ती ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते. उंदीर-घुशींत हेच काम कॉर्टिकोस्टेरॉन करते. कॉर्टिसॉल हे वाईट द्रव्य आहे, असे जे सर्रास सांगितले जाते त्यात तथ्य नाही. पहाटे त्याची पातळी चढते म्हणून आपण उठतो. रात्री ती उतरते म्हणून शरीराला विसावा मिळतो. १९६८ साली रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावलेले कॉर्टिकोस्टेरॉन उंदरांना टोचले आणि ते मेंदूत कुठे साठते ते पाहिले. ते हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती बांधणाऱ्या भागात, सर्वाधिक साठले. ज्या भागात आठवणी घडतात तोच भाग ताणाच्या संप्रेरकाला सर्वाधिक कान देणारा निघाला.

हे संप्रेरक मात्रेनुसार आणि मुदतीनुसार अगदी उलट वागते. २००९ सालच्या एका अभ्यासात चेतापेशींना कमी मात्रेत कॉर्टिकोस्टेरॉन दिल्यावर त्याला प्रतिसाद देणारा ग्राही रेणू (रिसेप्टर) थेट तंतुकणिकांत शिरला आणि त्यांचे काम सुधारले. मात्रा जास्त आणि मुदत लांब झाल्यावर तेच काम ढासळले. परीक्षेच्या तासाभरापूर्वीची धडधड, गड्डा यात्रेच्या गर्दीत हरवलेले मूल शोधतानाची धावपळ, हे सारे पहिल्या प्रकारात मोडते. अशा वेळी थोडेसे पेरॉक्साइड वाढते, ते पेशीला इशारा देते आणि पेशी आपली संरक्षक विकरे वाढवून ठेवते. थोडा, संपणारा ताण मेंदूला बळकट करतो, हे विधान म्हणूनच पूर्णपणे शास्त्रीय आहे. माझा रोख दुसऱ्या प्रकाराकडे आहे: सलग दोन हंगाम पाऊस न झालेल्या माढ्या-सांगोल्याच्या शेतकऱ्याचा, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईचा, स्पर्धा परीक्षेच्या पाचव्या प्रयत्नात असलेल्या मुलाचा. या ताणाला शेवटची तारीख नसते.

असा ताण चालू राहिला की संरक्षणावर एकाच वेळी अनेक बाजूंनी भार येतो. सर्वप्रथम निर्मिती वाढते. ताणात हिप्पोकॅम्पस आणि पुढच्या मेंदूत ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य अधिक सुटते, त्यामुळे चेतापेशीत कॅल्शियम घुसते, तंतुकणिका जादा राबतात आणि गळती वाढते. मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी, ज्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, त्या चिथावल्या जातात आणि एन-ए-डी-पी-एच ऑक्सिडेज नावाचे विकर चालू करतात. हे विकर इतर विकरांहून वेगळे आहे. बाकीच्यांच्या हातून सुपरऑक्साइड चुकून तयार होतो, हे मात्र तो जाणूनबुजून तयार करते, कारण जंतू मारण्यासाठी त्याचा उपयोग असतो. जंतू नसताना ते चालू राहिले तर झळ घरच्यांनाच लागते.

पण निर्मिती वाढणे ही अर्धीच हकीकत आहे, आणि लोकप्रिय लेखन बहुधा इथेच थांबते. खरा घाव पुरवठ्यावर बसतो. कॉर्टिसॉलच्या कुळातील संप्रेरके हिप्पोकॅम्पसच्या पेशींत ग्लुकोज शिरणे कमी करतात, ही गोष्ट रॉबर्ट सापोल्स्की यांच्या प्रयोगशाळेने दाखवली. मघाशी सांगितलेला धागा इथे जोडावा. ग्लुकोज आखडले की एन-ए-डी-पी-एच आखडते, आणि ते आखडले की वापरलेले ग्लुटाथायोन वापरलेल्याच अवस्थेत पडून राहते. दुसरीकडे, सिस्टीन पेशीत आणणारी जी वाहतूक आहे, ती बाहेर एक ग्लुटामेट सोडून त्या बदल्यात आत सिस्टीनचे जोडरूप घेते. बाहेर आधीच ग्लुटामेटची गर्दी झाली असेल तर ही अदलाबदल अडते आणि नवे ग्लुटाथायोन रचायला कच्चा माल मिळत नाही. त्याच प्रयोगशाळेने १९९०च्या दशकात हिप्पोकॅम्पसच्या पेशींत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचे कामही या संप्रेरकांमुळे मंदावते, असे नोंदवले. म्हणजे वापर वाढला, पुनर्निर्मिती मंदावली आणि नवे उत्पादन अडले, या तिन्ही गोष्टी एकाच कारणातून आणि एकाच वेळी.

याही पलीकडे एक पातळी आहे. संकट आले की संरक्षक विकरांची जनुके चालू करणारे एक प्रथिन पेशीत असते. त्याचे नाव एन-आर-एफ-टू. जपानमधील मासायुकी यामामोटो यांच्या गटाने १९९७ आणि १९९९ साली त्याचे कार्य आणि त्याला धरून ठेवणारे कीप-वन हे दुसरे प्रथिन उजेडात आणले. शांततेच्या काळात कीप-वन हे एन-आर-एफ-टूला पकडून नष्ट होण्यासाठी पाठवत राहते, त्यामुळे ते काही मिनिटांपलीकडे टिकत नाही. ऑक्सिडीकरणाचा धोका वाढला की कीप-वनच्या अंगावरील सिस्टीनचे ठिपके बदलतात, पकड सुटते, एन-आर-एफ-टू साचते, पेशीकेंद्रात जाते आणि ग्लुटाथायोन रचणाऱ्या, त्याची पुनर्निर्मिती करणाऱ्या, लोह बांधून ठेवणाऱ्या कितीतरी जनुकांना एकाच वेळी जागे करते. मेंदूत हे काम प्रामुख्याने तारकापेशी करतात. प्रौढ चेतापेशींत एन-आर-एफ-टू जवळजवळ मिटवून ठेवलेले असते. आता अडचण अशी की, कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणारा ग्राही रेणू एन-आर-एफ-टूच्या या कामात अडथळा आणतो, असे पेशींवरील प्रयोगांत आढळले आहे, आणि सतत ताणाखाली ठेवलेल्या प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एन-आर-एफ-टूचे प्रमाण घटलेले अनेक प्रयोगशाळांनी नोंदवले आहे. धोका असतो, इशाराही जातो. पण हुकूम सुटत नाही.

सोलापूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे पाण्याचा प्रश्न उजनीत पाणी किती आहे एवढ्यावर कधीच सुटलेला नाही. चावीवाल्याने चावी फिरवली की नाही, यावर गल्लीत पाणी येते. दारात टँकर उभा करून नळाची चावी फिरत नसते. अँटिऑक्सिडंटच्या गोळीचे मेंदूच्या बाबतीत बरेचसे असेच होते.

हे प्रयोगशाळेत कसे दिसते, त्याचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे आणि ते जगभर उद्धृत होते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चटर्जी आणि निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेतील बी. एस. शंकरनारायण राव यांच्या गटाने २००२ साली उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवले आणि नंतर चेतापेशींच्या फांद्या मोजल्या. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या खुरटल्या होत्या. पण भीतीशी संबंध असलेल्या अमिग्डालामध्ये त्या उलट वाढल्या होत्या. पुढे त्यांनी उंदरांना एकवीस दिवस निर्धास्त ठेवले, तेव्हा हिप्पोकॅम्पस बराचसा पूर्ववत झाला आणि अमिग्डाला मात्र वाढलेलाच राहिला. या प्रयोगात मोजमाप ऑक्सिडीकरणाचे नव्हते, रचनेचे होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही तो मी मुद्दाम सांगतो, कारण ताण म्हणजे साऱ्या मेंदूवर सारखा पडणारा पाऊस नव्हे, हे त्यातून कळते. ऑक्सिडीकरणाची मोजमापेही अशीच भागाभागांत वेगळी येतात. हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुटाथायोन घटलेले आणि मेदाम्लांच्या नासाडीची खूण असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेले वारंवार सापडते. डिस्म्युटेज मात्र काही प्रयोगांत वाढलेले, काहींत घटलेले दिसते. काही जण याला विसंगती म्हणतात. मला त्यात काळाचा फरक दिसतो. ताणाच्या सुरुवातीला पेशी विकरे वाढवून झुंज देते आणि नंतर थकते. कोणत्या दिवशी मोजले यावर उत्तर बदलणारच, आणि एकाच दिवसाच्या आकड्यावर निष्कर्ष काढणाऱ्या शोधनिबंधाकडे आपण जरा सावधपणे पाहावे.

आपल्या शहराशी थेट नाते सांगणारा आणखी एक प्रयोग जर्मनीतील माइन्झ येथे झाला. २०१८ साली तिथल्या हृदयरोग विभागातील संशोधकांनी उंदरांना विमानांचा आवाज चार दिवसांपर्यंत ऐकवला. आवाजाची सरासरी पातळी ७२ डेसिबल होती, म्हणजे कानाला इजा होण्याइतकी मुळीच नव्हती. उंदीर दिवसा झोपतात आणि रात्री जागे असतात. जागेपणीच्या वेळात ऐकवलेल्या आवाजाने फारसे बिघडले नाही. झोपेच्या वेळात ऐकवलेल्या आवाजाने मात्र मेंदूत आणि रक्तवाहिन्यांत सुपरऑक्साइड वाढला, आणि तो वाढवणारे विकर मघाचेच होते, एन-ए-डी-पी-एच ऑक्सिडेज. ज्या उंदरांत या विकराचे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्यावर हा परिणाम झाला नाही. आवाज तोच, पातळी तीच. फरक पडला तो विश्रांतीची वेळ मोडली की नाही, याने.

आपल्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग घराला लागून किंवा घराखालीच असतात. चालू मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो. आपल्या कारखानेविषयक नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे ती कानासाठी; निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आपण चर्चा करतो ती बहुधा बहिरेपणाची. रात्रपाळी करून सकाळी आलेला कामगार शेजारच्या मागांच्या खडखडाटात दिवसा झोपतो, त्याच्या मेंदूच्या दृष्टीने ही दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे, आणि तिची वेळ तर त्याच्या झोपेच्या वेळेशी जुळतच नाही. ‘सवय झाली आहे, मागाच्या आवाजाशिवाय झोप येत नाही’ असे अनेक जण अभिमानाने सांगतात. कानाला सवय होते. संप्रेरकांना आणि रक्तदाबाला ती तितकीशी होत नाही.

उंदरांचे खूप झाले. माणसाचे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेलच. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून ग्लुटाथायोन मोजता येत नाही, म्हणून पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो. कुशिंग विकारात गाठीमुळे शरीर स्वतःच अतिरिक्त कॉर्टिसॉल तयार करते. मिशिगनमधील मोनिका स्टार्कमन यांनी १९९२ साली अशा रुग्णांत कॉर्टिसॉल जितके जास्त तितका हिप्पोकॅम्पसचा आकार लहान, असे दाखवले, आणि १९९९ साली उपचारानंतर तो पुन्हा वाढल्याचेही दाखवले. इथे एक गोष्ट विषय सोडून सांगतो. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड हे ऐकून कोणीही मनानेच बंद करू नये. ते एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. अंगदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या पुडीत स्टेरॉइड असू शकते, ती पुडी मात्र डॉक्टरांना नेऊन जरूर दाखवावी.

दुसरा पुरावा २००४ सालचा आहे. एलिसा एपेल, एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या बहुसंख्य स्त्रिया दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलाची शुश्रूषा करणाऱ्या माता होत्या. ज्यांना ताण अधिक जाणवत होता, त्यांच्यात ऑक्सिडीकरणाची खूण अधिक होती आणि रक्तपेशींतील गुणसूत्रांची टोके अधिक आखूड, म्हणजे पेशी अधिक म्हातारी झाल्याची खूण दाखवणारी, होती. शुश्रूषेची वर्षे जितकी जास्त, तितका हा परिणाम ठळक. ही मोजमापे रक्तातली आणि लघवीतली आहेत, मेंदूतली नव्हेत. मेंदूतील ग्लुटाथायोन आता चुंबकीय अनुनाद वर्णपटाने, म्हणजे एम-आर-आय यंत्रावरच, सुई न टोचता मोजता येते. या पद्धतीवर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात उल्लेखनीय काम झाले आहे. अल्झायमरच्या रुग्णांत हिप्पोकॅम्पसमधील ग्लुटाथायोन घटलेले त्यांना आढळले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांतही काही अभ्यासांत मेंदूच्या मागच्या भागात ते कमी आढळले आहे. नैराश्य आणि ताण एक नव्हेत. पण दीर्घ ताण हा नैराश्याकडे नेणाऱ्या वाटांपैकी एक आहे, म्हणून हे निरीक्षण दुर्लक्षण्यासारखे नाही.

आता ज्या प्रश्नाची मला खात्रीने अपेक्षा आहे, त्याकडे येतो: मग गोळी घ्यावी की नाही? १९९४ साली फिनलंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना निव्वळ खोटी गोळी देण्यात आली होती. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. तंबाखू आणि मिश्री हीच ताणावरची मात्रा मानणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा निष्कर्ष भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. २००९ साली जर्मनीत मिखाएल रिस्टो यांच्या गटाने व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारण्याऐवजी ती सुधारणाच अडली. कारण आपण आधीच पाहिले आहे. व्यायामाने थोडे पेरॉक्साइड वाढते आणि तेच पेशीला संरक्षण उभारण्याचा इशारा देते. बाहेरून आलेल्या मात्रेने तो इशाराच पुसून टाकला. ज्याच्या आहारात खरोखरच कमतरता आहे, त्याला जीवनसत्त्वे दिलीच पाहिजेत. धडधाकट माणसाने ताणावर उतारा म्हणून मूठभर गोळ्या घेण्याला मात्र आधार नाही.

डाळिंबाबद्दल इथे विचारले नाही तर सोलापुरात व्याख्यान झाल्यासारखे वाटणार नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तेव्हा अभिमान रास्तच आहे. डाळिंबातील प्युनिकॅलॅजिन परीक्षानळीत फार जोरदार अँटिऑक्सिडंट ठरते. पोटात गेल्यावर ते जसेच्या तसे रक्तात जवळजवळ उतरतच नाही. आतड्यातील जिवाणू त्याचे युरोलिथिन नावाचे छोटे रेणू करतात आणि तेच शोषले जातात. तेही सर्वांत सारखे नाही, कारण प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणू वेगळे. डाळिंब खावे, उत्तम फळ आहे. पण परीक्षानळीतला आकडा ताटातल्या दाण्यांना लावू नये. ग्लुटाथायोनसाठी लागणारे सिस्टीन डाळीतून, दुधातून, अंड्यातून मिळते, आणि आपल्या शेंगदाण्याच्या चटणीत ई जीवनसत्त्व बऱ्यापैकी असते. कडक भाकरी आणि चटणीसोबत वाटीभर डाळ असेल, तर कच्च्या मालाची बाजू बरीचशी सांभाळली जाते.

राहते ती चावीची बाजू, आणि तिथे झोप व नियमित चालणे-व्यायाम यांचा पुरावा गोळ्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. प्राण्यांत नियमित धावण्याने मेंदूतील संरक्षक विकरे वाढतात. झोप मोडल्याने कॉर्टिसॉलचा रात्रीचा उतार बिघडतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला ‘ताण घेऊ नका’ असे सांगण्यात अर्थ नाही, हे मलाही कळते. पण ताण संपवणे हातात नसले तरी त्यात खंड पाडणे बऱ्याचदा हातात असते, आणि चटर्जींच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसला एकवीस निर्धास्त दिवस मिळाले तेव्हा तो सावरला होता. रात्रपाळीच्या कामगारांची पाळी दर दोन-तीन दिवसांनी उलटसुलट न करणे, झोपण्याची खोली मागांच्या भिंतीपासून दूर नेणे, ही कामे मालक आणि कामगार संघटना आजही करू शकतात.

शेवटी, प्रयोगशाळांच्या जाहिरातींत हल्ली दिसणाऱ्या ‘एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता’ या रक्ततपासणीबद्दल. त्या आकड्यात सर्वांत मोठा वाटा यूरिक आम्लाचा असतो आणि त्याखालोखाल रक्तातील अल्ब्युमिन वगैरे प्रथिनांचा. मेंदूतील ग्लुटाथायोनचा त्यात संबंध येत नाही. ज्याच्या अंगठ्याचा सांधा यूरिक आम्लाने सुजून लाल झाला आहे, अशा माणसाचा अहवाल या तपासणीत उत्तम येण्याचीच शक्यता जास्त.